साक्ष कोणाची? : बॅले, प्रेक्षक आणि पडदा

बॅलेच्या रसिकाची एक जुनी अडचण आहे. त्याने जे पाहिले ते तो दुसऱ्याला दाखवू शकत नाही. कवितेचा रसिक पुस्तक पुढे करतो, चित्राचा रसिक संग्रहालयाची वाट दाखवतो, संगीताच्या रसिकाला निदान स्वरलिपीचा आधार असतो. नृत्य मात्र पडदा पडताच संपते, आणि प्रेक्षकाच्या हाती उरते ती केवळ त्याची स्वतःची आठवण. त्यामुळे बॅलेचा इतिहास हा मोठ्या प्रमाणावर साक्षीदारांच्या जबान्यांचा इतिहास आहे. विसाव्या शतकात कॅमेरा आला आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रंगमंचावरील प्रयोग थेट चित्रपटगृहांत दिसू लागले. आता तरी साक्षीदार आपल्या जबाबदारीतून मोकळा झाला का, हा प्रश्न या लेखात तपासून पाहायचा आहे.

प्रश्न सुचला तो एका प्रत्यक्ष अनुभवातून. 2018 च्या शरद ऋतूत लंडनच्या रॉयल बॅलेने 'ला बायादेर' हा बॅले पुन्हा रंगमंचावर आणला होता. मूळ रचना मारियुस पेतिपाची, 1877 ची, सेंट पीटर्सबर्गमधली. लंडनचा प्रयोग नतालिया माकारोव्हाने सिद्ध केलेल्या आवृत्तीचा. मी तो प्रथम नाट्यगृहाच्या अगदी वरच्या, स्वस्त रांगांतून पाहिला, आणि नोव्हेंबरमध्ये त्याचे थेट प्रक्षेपण एका लहान गावातल्या चित्रपटगृहात. मारियानेला नुन्येझ, वादिम मुंतागिरोव्ह आणि नतालिया ओसिपोव्हा ही नावे मोठी होती. रचना तीच, मंच तोच. तरीही मी दोन वेगळ्या कलाकृती पाहून आलो, अशी माझी खात्री आहे.

वरून पाहताना 'छायांचे राज्य' हा अंक म्हणजे एक भूमिती होती. अफूच्या धुंदीत नायक सोलोरला आपल्या मृत प्रियतमेचे, निकियाचे, राज्य दिसते. अंधारातून एका उतारावर पांढऱ्या वेषातली एक छाया येते, एका पायावर तोल सांभाळत दुसरा पाय मागे लांबवते, मागे रेलते, दोन पावले चालते. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी. तेच आवर्तन चोवीस जणी करतात. यात अवघड असे एकच आवर्तन मुळीच नाही. अवघड आहे ते त्याचे तितक्याच शांतपणे पुन्हा पुन्हा होणे. पहिली नर्तकी शेवटची येईपर्यंत तेच करीत राहते. वरच्या रांगेतून मला ही सारी साखळी एकदम दिसत होती. एखादीचा पाय किंचित थरथरला की तोही दिसत होता, आणि त्या थरथरण्यामुळे बाकीच्यांच्या स्थैर्याची किंमत कळत होती.

चित्रपटगृहात मी दुसरेच काही पाहिले. राजकन्या गमझात्ती आणि देवदासी निकिया यांच्या संघर्षाचा प्रसंग वरून पाहताना मला केवळ हातवाऱ्यांचा वाटला होता. पडद्यावर त्या दोघींचे चेहरे भिंतीएवढे झाले, आणि सुरा उचलणाऱ्या निकियाच्या डोळ्यांतला स्वतःच्याच कृतीचा धसका स्वच्छ दिसला. स्वस्त तिकीट काढणाऱ्याला हे सुख नाट्यगृहाने कधीच दिले नव्हते. परंतु छाया उतरू लागल्या आणि मी अस्वस्थ झालो. कॅमेरा कधी दूर जाई, कधी जवळ येई. मला जिथे पाहायचे होते तिथे पाहण्याचा अधिकार माझ्याकडे राहिला नव्हता. नाट्यगृहात माझी नजर मोकळी होती. येथे ती आधीच कोणीतरी वापरून ठेवलेली होती.

हा तक्रारीचा सूर वाटेल. पण इतिहासाकडे पाहिले तर असे दिसते, की नर्तकी आणि अनुपस्थित वाचक किंवा प्रेक्षक यांच्यामध्ये नेहमीच कोणाची ना कोणाची नजर उभी होती.

पहिली नजर लेखकाची. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसच्या बॅलेविषयी आपण जे 'जाणतो' त्यातला मोठा भाग तेओफिल गोतिए या कवी-कादंबरीकाराच्या वृत्तपत्री लेखनातून आला आहे. 28 जून 1841 रोजी पॅरिस ऑपेरात 'जिझेल' प्रथम रंगला. नृत्यरचना जाँ कोराली आणि झ्यूल पेरो यांची, संगीत आदोल्फ आदाम यांचे, नायिका कार्लोत्ता ग्रीझी. कथेची कल्पना गोतिएला हाइनरिख हाइने या जर्मन कवीच्या लेखनातून मिळाली होती. लग्नाआधीच मेलेल्या आणि रात्री पुरुषांना नाचवून मारणाऱ्या 'विली' तिथे त्याला भेटल्या. प्रयोगानंतर गोतिएने वृत्तपत्रात जे लिहिले तेही हाइनेला उद्देशून लिहिलेल्या पत्राच्या रूपात. म्हणजे कथेचा सहलेखकच प्रयोगाचा साक्षीदार, आणि नायिकेचा निस्सीम चाहताही तोच! आजच्या भाषेत हितसंबंधांचा हा उघड गुंता आहे. ग्रीझीला पाहून गोतिएचे काय झाले हे त्याच्या लेखनातून उत्तम कळते; तिच्या पावलांचे काय झाले हे मात्र फारसे कळत नाही.

याच गोतिएने 1838 मध्ये एक वेगळी साक्ष नोंदवून ठेवली आहे, आणि ती आपल्या अधिक जवळची आहे. त्या वर्षी पाँडिचेरीच्या परिसरातील देवदासींचा एक लहानसा संच पॅरिसला आला होता. युरोपने 'बायादेर' हा शब्द तोवर पुष्कळ वापरला होता. बायादेर प्रत्यक्ष पाहिली नव्हती. या संचातील अमनी हिच्याविषयी गोतिएने भारावून लिहिले. पुढे 1858 मध्ये 'शाकुंतला'वरील बॅलेची संहिताही त्याने लिहिली, आणि नंतरच्या 'ला बायादेर'वर तिची छाया पडली असे अभ्यासक मानतात. गोवळकोंड्याचा राजा, पवित्र अग्नी आणि देवदासी यांची जी सरमिसळ पाहून आपल्याला हसू येते, तिच्या मुळाशी एका खऱ्या नर्तकीचे दर्शन आहे. परंतु अमनीला पॅरिसविषयी काय वाटले? तिची जबानी कोणी घेतली नाही. साक्षीदाराच्या लेखनातून इतिहास घडतो तेव्हा जिच्याविषयी साक्ष द्यायची तीच बहुधा मुकी राहते.

दुसरी नजर लिपीची. 1892 मध्ये व्लादिमिर स्तेपानोव्ह या रशियन नर्तकाने शरीराच्या हालचालींसाठी संगीताच्या स्वरचिन्हांवर आधारलेली एक लिपी प्रसिद्ध केली. सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की नाट्यगृहात तिच्या साहाय्याने पेतिपाचे अनेक बॅले नोंदवले गेले. 1917 च्या क्रांतीनंतर निकोलाय सेर्गेयेव्ह या व्यवस्थापकाने देश सोडला तेव्हा या नोंदी त्याच्यासोबत होत्या. त्यांच्या आधारे 1930 च्या दशकात लंडनमध्ये 'जिझेल', 'स्वान लेक' आणि 'स्लीपिंग ब्यूटी' उभे राहिले, आणि आज ज्याला आपण रॉयल बॅले म्हणतो त्या संस्थेचा पाया घातला गेला. या नोंदी आता हार्वर्ड विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. पायांची हालचाल त्यांत काळजीपूर्वक टिपलेली आहे. हात, मान, चेहरा यांविषयी मात्र बहुतेक ठिकाणी मौन आहे. लिपीने पाऊल वाचवले, नर्तकी वाचवली नाही.

तिसरी नजर कॅमेऱ्याची. आणि येथे इतिहासाने एक विलक्षण हट्टीपणा दाखवला. मारिन्स्कीचा नर्तक आणि पेतिपाचा सहायक अलेक्सांद्र शिर्यायेव्ह याने विसाव्या शतकाच्या आरंभीच एक छोटा कॅमेरा मिळवला होता. नाट्यगृहातल्या नर्तकांचे चित्रण करू द्यावे अशी त्याची विनंती व्यवस्थापनाने नाकारली. तेव्हा त्याने घरी बाहुल्या तयार केल्या, आणि 1906 ते 1909 या काळात चौकटीमागून चौकट टिपत त्या बाहुल्यांकडून नाच करवून घेतले. हे काम जगाला नीट दिसायला जवळजवळ शतक लोटावे लागले. सर्गेई द्यागिलेव्हने तर आपल्या बॅले रूसचे चित्रीकरणच होऊ दिले नाही. मूकपटाच्या तुटक, थरथरत्या चित्रात आपली कला विद्रूप होईल ही त्याची भीती अगदीच अनाठायी नव्हती. परिणाम असा, की 29 मे 1913 च्या ज्या रात्री 'राइट ऑफ स्प्रिंग'वरून पॅरिसच्या प्रेक्षागृहात गोंधळ माजला, त्या रात्रीचा आवाज शेकडो आठवणींतून ऐकू येतो, पण निजिन्स्कीची एकही उडी हलत्या चित्रात आपल्यापाशी नाही. आख्यायिका वाढायला यापेक्षा सुपीक जमीन कोणती?

आन्ना पाव्हलोव्हाची गोष्ट याच्या उलट आहे. तिला सर्वांनी पाहावे असे वाटत होते. त्यासाठी ती आगगाड्या-आगबोटींतून अर्धे जग फिरली. 1922-23 च्या पूर्वेकडील दौऱ्यात ती भारतात आली. 1923 मध्ये लंडनला तिच्या संचाने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून सुचलेला एक बॅले केला, आणि त्याच वर्षी तरुण उदय शंकर यांच्यासोबत तिने राधा-कृष्णाचे नृत्यही केले. 1928 मध्ये मुंबईतला तिचा प्रयोग रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी पाहिला. पुढे ऑस्ट्रेलियाच्या जलप्रवासात दोघींची गाठ पडली, आणि आपल्या देशाच्या नृत्याकडे वळण्याची प्रेरणा त्यांना पाव्हलोव्हाकडून मिळाली. एका संध्याकाळच्या प्रेक्षकाचे आयुष्य कसे बदलते याचे इतके ठोस उदाहरण नृत्याच्या इतिहासात विरळाच. भरतनाट्यमच्या आधुनिक इतिहासाचा एक धागा मुंबईतल्या एका नाट्यगृहातील खुर्चीपर्यंत जाऊन पोहोचतो.

पाव्हलोव्हाचा 'मरणोन्मुख हंस' चित्रित झालेला आहे. 1924 च्या सुमारास हॉलिवूडमध्ये, डग्लस फेअरबँक्सच्या स्टुडिओत, तिच्या काही नृत्यांचे चित्रण झाले. ही चित्रफीत आज कोणालाही पाहता येते. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर ती प्रथम पाहणाऱ्या विद्यार्थ्याची बहुधा निराशा होते. हातांची फडफड अति वाटते, पाऊल आजच्या मानाने साधे वाटते. एवढ्यासाठी जग वेडे झाले होते? मूकपटाच्या काळातील चित्रीकरणाचा वेग आणि नंतरच्या प्रक्षेपणाचा वेग यांचा मेळ नेहमी जमत नाही, ही एक तांत्रिक बाब झाली. खरी बाब अशी, की चित्रफितीत पाव्हलोव्हा आहे, तिचे प्रेक्षागृह नाही. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. 1935 च्या 'धर्मात्मा' चित्रपटातले बालगंधर्व पाहून ज्यांनी आजोबांच्या आठवणींवर शंका घेतली असेल, त्यांना या दोन पुराव्यांमधले अंतर ठाऊक आहे. अशा वेळी आपण सहसा आजोबांना भाबडे ठरवून मोकळे होतो. पण चित्रफीत खरी आणि आठवण खोटी, असा निवाडा देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

1956 चा ऑक्टोबर हा या कथेतला पुढचा टप्पा. मॉस्कोचा बोल्शोई संच प्रथमच लंडनला येणार होता. दुकानातून टोप्या चोरल्याच्या आरोपावरून एका सोव्हिएत महिला खेळाडूवर लंडनमध्ये खटला झाल्याने हा दौरा रद्द होतो की काय, अशी वेळ आली होती. तिकिटांसाठी लोक कॉव्हेंट गार्डनच्या रस्त्यांवर रात्री काढत होते. गालिना उलानोव्हा तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती, आणि तिला ज्यूलिएट करायची होती. पडदा उघडण्यापूर्वीच्या क्षणी तिचे वय दिसत होते आणि नृत्य सुरू होताच ते नाहीसे झाले, अशा अर्थाच्या आठवणी अनेकांनी सांगितल्या आहेत. याच मुक्कामात पॉल झिनर या दिग्दर्शकाने तिचा 'जिझेल' अनेक कॅमेऱ्यांनी टिपला, आणि 1957 मध्ये तो चित्रपटगृहांतून दाखवला गेला. आजच्या प्रक्षेपणांचा हा एक थेट पूर्वज म्हणायला हरकत नाही. मात्र चित्रपट प्रदर्शित होईपर्यंत जग बदलले होते. हंगेरीत सोव्हिएत रणगाडे शिरले, आणि लंडनच्या संचाची मॉस्कोला जाण्याची ठरलेली परतभेट रद्द झाली. एका महिन्याच्या अंतराने एक दार उघडले आणि मिटलेही.

कॅमेऱ्याच्या साक्षीतला सर्वांत मोठा धोका नंतरच्या दशकात दिसतो. केनेथ मॅकमिलनने आपला 'रोमिओ अँड ज्यूलिएट' लिन सीमोर आणि ख्रिस्टोफर गेबल या तरुण जोडीवर रचला. ज्यूलिएटचे बंडखोर, अवघडलेले, वेळी कुरूप होण्यास न कचरणारे शरीर हे सीमोरचे शरीर होते. परंतु अमेरिकेच्या दौऱ्यावर नजर ठेवून 9 फेब्रुवारी 1965 चा पहिला प्रयोग मार्गो फॉन्टेन आणि रुडॉल्फ नुरेयेव्ह या जगप्रसिद्ध जोडीला देण्यात आला. त्या रात्री पडदा त्रेचाळीस वेळा वर गेला. 1966 मध्ये झिनरनेच या बॅलेचा चित्रपट केला. अर्थात फॉन्टेन आणि नुरेयेव्ह यांनाच घेऊन. चित्रपट सुंदर आहे, यात वाद नाही. परंतु पुढच्या पिढ्यांनी 'मूळ' म्हणून जो पाहिला तो मूळ नव्हता. सीमोर 2023 मध्ये वारली. तिच्या ज्यूलिएटची मोठी साक्ष तिला प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या लेखनात आणि तिच्या नंतरच्या नर्तकींच्या अंगात मुरलेल्या रचनेत आहे. कॅमेरा खोटे बोलला नाही. त्याला ज्याच्यासमोर उभे केले तेवढेच त्याने सांगितले. एका निर्णयाचा अन्याय एका रात्रीपुरता राहिला असता. चित्रफितीने तो कायमचा केला.

आता प्रक्षेपणांकडे येऊ. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने 30 डिसेंबर 2006 रोजी आपला प्रयोग प्रथम चित्रपटगृहांत थेट दाखवला. त्यानंतर काही वर्षांतच रॉयल बॅले आणि बोल्शोई यांचे हंगाम जगभरच्या पडद्यांवर आले. ज्यांना लंडन-मॉस्कोचे तिकीट स्वप्नातही परवडले नसते अशा हजारो लोकांना त्यामुळे बॅले दिसला. ही गोष्ट लहान नाही, आणि वरच्या रांगेतल्या माणसाने नाक मुरडून ती लहान करू नये. मध्यंतरात निवेदिका सराव करणाऱ्या नर्तकांपाशी नेते, प्रशिक्षक एखादी जागा समजावून सांगतो. ज्याला पूर्वी गोतिए लागत असे त्याला आता ही मुलाखत पुरते, असे वाटू लागते. आणि तेवढ्यात एखाद्या संध्याकाळी उपग्रहाकडून येणारे चित्र गोठते, नायिका हवेत अडकून पडते, आणि चित्रपटगृहातले सगळे एकदम हसतात. माझ्यापुरते सांगायचे तर त्या हसण्यात मला प्रथमच शेजारच्या खुर्चीवर माणूस असल्याची जाणीव झाली. नाट्यगृहात ती जाणीव सतत असते. कठीण गिरकी सुरू होताच सभागृहाचा श्वास थांबतो, आणि तो थांबल्याचे मंचावर कळते असे नर्तक सांगतात. पडद्यासमोर आपण श्वास रोखला काय अन् सोडला काय, नर्तकीपर्यंत ते पोहोचत नाही.

फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसने बोल्शोईचा त्या उन्हाळ्यातला हंगाम रद्द केला. पाश्चात्त्य चित्रपटगृहांतली बोल्शोईची प्रक्षेपणे बंद पडली. मॉस्कोत नवी रचना बसवत असलेला अलेक्सेई रातमान्स्की काम टाकून निघून गेला. ओल्गा स्मिर्नोव्हा ही बोल्शोईची अग्रगण्य नर्तकी युद्धाचा निषेध करून अॅमस्टरडॅमच्या संचात दाखल झाली. 'दोझ्द' या स्वतंत्र रशियन वाहिनीला प्रसारण थांबवावे लागले तेव्हा तिने अखेरीस 'स्वान लेक'ची चित्रफीत लावली. ऑगस्ट 1991 च्या फसलेल्या उठावाच्या वेळी सोव्हिएत दूरचित्रवाणीने बातम्यांऐवजी हाच बॅले दाखवला होता, हे तिच्या प्रेक्षकांना सांगावे लागले नाही. ज्या चित्रफितीने एकदा सत्य झाकले, तिनेच या वेळी सत्य झाकले जात असल्याचे सूचित केले. पडद्यावरचा बॅले स्वतः बदलला नव्हता. पाहणारे काय जाणतात यावर त्याचा अर्थ ठरला.

तेव्हा पहिल्या प्रश्नाकडे परत. साक्षीदार मोकळा झाला का? माझे उत्तर नकारार्थी आहे. गोतिएचे लेखन, स्तेपानोव्हची लिपी, झिनरचा चित्रपट, चित्रपटगृहातले प्रक्षेपण यांतली कोणतीही एक साक्ष पुरी नाही. रातमान्स्कीने 'स्लीपिंग ब्यूटी' आणि 'ला बायादेर' यांच्या जुन्या रूपांचा शोध घेतला तेव्हा त्याला शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कागदी नोंदींकडेच जावे लागले. साहित्याच्या अभ्यासकाला पाठभेदांची सवय असते. एका हस्तलिखिताला अंतिम मानू नये हे तो पहिल्याच वर्षी शिकतो. चित्रफीत हे देखील एक हस्तलिखितच आहे. तिचा लेखनिक कोण, त्याने काय गाळले, कोणाच्या सांगण्यावरून गाळले, हे तिलाही विचारले पाहिजे.

म्हणून चित्रपटगृहातून परतल्यावर मी वहीत एवढेच लिहिले : निकियाचे डोळे येथे दिसले, उतारावरच्या शेवटच्या छायेचा थरथरता पाय येथे दिसला नाही, तो मी वरच्या रांगेतून पाहिला होता. त्या नर्तकीचे नाव मला ठाऊक नाही. प्रक्षेपणाच्या रात्री ती कदाचित निश्चल उभी राहिली असेल, आणि जगाने तिला तशीच पाहिली असेल. पण त्या दुसऱ्या एका संध्याकाळी तिने तोल जाऊ दिला नाही, यासाठी तिला काय करावे लागले हे पाहणारे आम्ही थोडे लोक होतो. ते लिहून ठेवणे एवढे काम अजून प्रेक्षकाकडे शिल्लक आहे.